पट्टा सैल केला

खरवई, बदलापूर
१४ नोव्हेंबर १९९९

प्रिय विठाक्कास,

सप्रेम जयभीम. आम्ही ठीक आहोत. नाशकात थंडी पडली असेल. दाजींचा खोकला कसा आहे? सखूची दहावी आहे, तिला घरकामाला जुंपू नकोस.

ऑपरेशनला तू नको म्हणाली होतीस. "धडधाकट अंगाला सुरी कशाला लावतेस? तोंड आवर की!" असं बोलून फोन ठेवलास, तेव्हापासून आपलं बोलणं नाही. म्हणून आधी तेच सांगते. पोट कापून टाकलेलं नाही गं. जठराच्या वरच्या भागाला रबरासारखा मऊ पट्टा बसवलाय. त्याच्या वर छोटी पिशवी तयार होते, ती थोड्या घासांत भरते आणि भूक निवते. कातडीखाली एक डबी आहे. तिच्यात सुईने पाणी भरलं की पट्टा आवळतो, काढलं की सैल होतो. जादू नाही. गोड सरबतं ढोसली तर पट्टा बिचारा काय करणार? घास बारीक चावावा लागतो, घाई केली की छातीत अडकतो. रडतरखडत शिकले. वजन हळूहळू उतरलं, साखर आटोक्यात आली, गुडघे दुखायचे थांबले. बंद पडलेली पाळीही सुरू झाली.

उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये ड्रेस घ्यायला गेले, तर नेहमीचा सिंधी दुकानदार विचारतो, "भाभी, किसके लिए दिखाऊँ?" म्हटलं, "मेरे लिए!" तो बघतच राहिला. तिथे हसले, पण घरी येऊन सांगणार कोणाला?

हे काय लिहीत बसलेय मी. मघापासून उठतेय, बसतेय.

पावसाळा संपता संपता उलट्या सुरू झाल्या. सासूबाई म्हणाल्या, "तो पट्टाच काढून टाक." मलाही वाटलं, जास्त आवळला गेलाय. यांनी कारखान्यात रजा टाकून मुंबईला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आधी लघवी तपासायला लावली. मग म्हणाले, "इतक्या लवकर नको म्हटलं होतं ना? असू दे, आता काळजी घेऊ." सुईने पाणी काढून त्यांनी पट्टा सैल केला. "बाळाला पोटभर मिळायला हवं." हे व्हरांड्यात जाऊन रडले.

अक्का, मला दिवस गेलेत.

लिहिलं एकदाचं. मागे दोनदा गर्भ पडला, तेव्हा दवाखान्यात माझं डोकं तुझ्याच मांडीवर होतं. म्हणून या वेळी कोणाला सांगायचा धीरच होईना. परवा डॉक्टरांनी ठोके ऐकवले. नीट आहेत म्हणाले. तरी जीव थाऱ्यावर नाही. वजन वाढलं की धास्ती, नाही वाढलं की त्याहून जास्त.

ऑपरेशनवरून भांडायचं असेल तर इथे येऊन भांड. आई असती तर तिला बोलावलं असतं, असं लिहिणार होते. पण खरं सांगू? ती असती तरी मी तुलाच बोलावलं असतं.

तुझ्या शिव्यांनासुद्धा आसुसलेली,
शालन