वाकलेल्या चाकाची तक्रार

१४ जुलै

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळे बरे आहोत. धाकटी शाळेत रमली, हिची पाठदुखीही कमी आहे. बाबांचं प्लास्टर कधी काढणार? डाव्या हाताने जेवता येतं का त्यांना, की तू भरवतेस? हे फोनवरच विचारणार होतो, पण तुझा आवाज ऐकला की माझी बोलती बंद होते.

मी ऑनलाइन खरेदीच्या कंपनीत आहे, एवढंच तुला ठाऊक. माझं नेमकं काम म्हणजे वाटेत मोडलेल्या सामानाच्या तक्रारी तपासणं. लोक फोटो पाठवतात. नुकसान वाहतुकीत झालं की घरी, ते मी ठरवतो. दिवसाला शंभरेक.

मार्चमध्ये एका चाकांच्या खुर्चीची तक्रार आली. डावं चाक वाकलेलं, ब्रेक लागत नव्हता. फोटोत खुर्चीच्या दांडीवर एक हात होता, छापखान्यात करंगळीचं पेर गेलेला. नाव वाचायची गरजच पडली नाही.

बाबांना चालता येत नाही हे मला असं कळलं. दोन वर्षं मी 'मीटिंगमध्ये आहे' म्हणून तुझे फोन कापले. तू तरी किती वेळा सांगायला जाणार?

नातेवाइकाची तक्रार आली तर ती दुसऱ्याकडे सोपवायची, असा आमच्याकडे नियम आहे. पण शेजारच्या टेबलावरच्या बाईंना काय सांगू? वडिलांची ही अवस्था मला आत्ताच समजली म्हणून? लाज वाटली. त्यातून माझ्या बढतीचं घाटत होतं, आणि मंजुऱ्या वाढल्या की आमच्या विभागप्रमुख मॅडमच्या कपाळाला आठ्या पडायच्या. 'खोक्याचा फोटो जोडलेला नाही' असं लिहून मी तक्रार फेटाळली.

मग तुझा फोन आला. तो मात्र उचलला.

"तू असल्याच ऑफिसात आहेस ना रे? काय करू सांग."

"कुठून घेतली होती खुर्ची?" मी विचारलं. जसं काही मला माहीतच नव्हतं.

"फोटो पाठवला होता रे मी खोक्याचा. हे कंपनीवाले म्हणतात, जोडलाच नाही."

"परत अर्ज कर," म्हणालो.

तू केलास. तोही माझ्याकडेच आला, आणि पहिला नकार चुकीचा ठरू नये म्हणून मी तोही फेटाळला.

जूनमध्ये खुर्ची घसरून बाबा पडले. तू रडत म्हणालीस, "त्या माणसाच्या घरात कोणी म्हातारं नसेल का रे?" मी म्हणालो, "लोक बेफिकीर असतात."

खोक्याचा फोटो माझ्या नजरेतून सुटला, असं मी इतके दिवस मनाला समजावत होतो. तसं नाही. मी तो उघडून पाहिला होता. एक कोपरा पार चेपलेला होता.

सोमवारी मी मॅडमना सगळं लेखी दिलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "आधी खुर्ची पाठवू या. तुमचं नंतर बघू." नवी खुर्ची गुरुवारी पोचेल. माझी चौकशी लागली आहे. नोकरी राहील असं वाटत नाही. हिला काल सांगितलं. ती उठून आत गेली.

बाबांना हे सांगायचं की नाही, तू ठरव. तू सांगणार नसशील तर मी येऊन सांगेन. दार उघडशील का, एवढं कळव. नाही म्हणालीस तरी तुझं चुकलं असं मी कधी म्हणणार नाही.

ज्याच्या घरात म्हातारं माणूस होतं, तो
तुझा भाऊ