एमिल मागे सरकत नाही

दुलुथ, ३ जून १९५६

चि. मिनास,

लंगड्या भावाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. की कमरेचं हाड आहे तिथंच आहे आणि डॉक्टरही आहे तिथंच आहे. दोघांकडूनही मला काही आशा उरलेली नाही.

आज पेपर हातात पडला आणि तिसऱ्या पानाच्या तळाशी चार ओळी वाचल्या. आपल्या गावच्या सॉयर्सनी क्लेटस यार्नेलला बेसबॉलच्या संघात घेतलं म्हणे! चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तोच तो. ज्याच्या चेंडूनं आपला एमिल गेला, तो आता आपल्या गावाची टोपी घालून त्याच मैदानावर चेंडू टाकणार. त्या दिवशी तो निदान परक्या गावाचा पिचर होता. आता तो आपला? ह्यांना लाजलज्जा काही आहे की नाही?

हॉलिसचा खांदा निखळला आणि डावखुऱ्या बेनिशला लष्करात बोलावणं आलं, हे मलाही कळतं. उरलेत त्या पिचरांपेक्षा मी काठी टेकत बरा चेंडू टाकीन. म्हणून काय ह्याला आणायचं? तू संघाच्या मालकाला जाऊन एक शब्द सांग. तू, एमिलची आई, नको म्हणालीस की गावातलं एक माणूस तिकीट काढणार नाही. नाहीतर मी लिहितो त्याला, आणि मी लिहिलं की काय होतं ते तुला माहीत आहे.

रागात लिहिलं तरी माया तीच आहे, हे धरून चाल.
तुझा दादा,
गस

ब्रॅनर फॉल्स, ११ जून १९५६

ती. गसदादास,

मिनाचा नमस्कार, आणि डोक्यात राख घालून घेण्याआधी पत्र शेवटपर्यंत वाचावं ही विनंती.

मला तुझ्या पेपरच्या आधीच कळलं होतं. माझ्याकडे वरच्या खोलीत भाड्यानं राहतो तो ड्यूई पोल्क तुला माहीतच आहे, पिचरचा चेंडू झेलणारा आपला कॅचर. टक्कल पडलंय, गुडघे गेलेत, पण जेवतो मात्र तिघांचं. त्या सकाळी त्यानं काट्यावर अंडं धरून ठेवलं, ते काही तोंडात घालेना. तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी वाईट बातमी आहे. दुपारी मालक स्वतः आला, टोपी हातात घेऊन पायरीवर उभा राहिला आणि म्हणाला, की तुम्ही नाही म्हणालात तर मी त्याला आल्या पावली परत पाठवतो.

दादा, मी नाही म्हटलं नाही. का, ते मला विचारू नकोस. म्हटलं, संघ तुमचा आहे, मी नऊ वर्षं त्या फाटकातून आत गेलेली नाही, मला कशाला विचारता? तो गेला आणि मी उगाचच धुतलेली भांडी परत धुवायला काढली.

मैदान दोन गल्ल्या पलीकडे आहे, तेव्हा कान झाकून घेतले तरी सगळं स्वयंपाकघरात येतंच. टाळ्यांचं, शिव्यांचं मला काही वाटत नाही. पण मध्येच सगळं मैदान गप्प होतं ना, तेव्हा हातातलं काम तसंच राहतं. त्या दिवशी चेंडू लागल्यावर असंच गप्प झालं होतं. परवा यार्नेल पहिल्यांदा टाकायला आला तेव्हाही लोक गप्प झाले. नंतर त्याला असा मार बसला की मी पावाचं पीठ मळायचं सोडून बॅटचे टोले मोजतच राहिले.

तो न्हाव्याच्या दुकानावरच्या खोलीत राहतो. माझ्या दारावरून जायला नको म्हणून लाकडाच्या वखारीला वळसा घालून मैदानावर जातो असं म्हणतात. मी अजून त्याला पाहिलेलं नाही.

कमरेला गरम विटेचा शेक दे, आणि माझ्यावरची माया कमी करू नकोस.
मिना

दुलुथ, २४ जून १९५६

चि. मिनास,

आशीर्वाद. विटेनं कातडी भाजली, कंबर तशीच आहे. आभारी आहे.

यार्नेल चारही सामने हरला, हे वाचून मी इथल्या नर्सला चॉकलेट वाटलं. देव आहे म्हणायचा! पण मिना, आता जे लिहितो त्यावर हसू नकोस. मी रोज पेपरातले आकडे घेऊन बसतो, दुसरं काम काय आहे मला? डावखुरे बॅटर त्याच्यापुढे नुसत्या बॅटा फिरवून परत जातात. हात अजून जबर आहे मेल्याचा. मार बसतो तो सगळा उजव्या हाताच्या बॅटरांकडून, आणि तेही असे की ज्यांना मी धोंडा मारून आउट करीन. वाईट पिचर असा मार खात नसतो, तो सगळ्यांकडून सारखा खातो. ह्यात काहीतरी गोम आहे. एमिल उजव्या हातानं खेळायचा, तेवढ्यावरून मी काही म्हणत नाही.

पोल्कला विचार. मी हे त्या माणसाच्या भल्यासाठी विचारत नाहीये, नीट समजून घे. गोम कळल्याशिवाय मला झोप लागत नाही, एवढंच. हॉलिस ऑगस्टमध्ये परत येतो म्हणतात, त्यावर माझा विश्वास नाही. हा एक धड टाकायला लागला तर आपण अजून पहिल्या चारांत येऊ, हे लिहितानाही मला माझी लाज वाटते.

लोभ आहे तसाच ठेव.
गसदादा

ब्रॅनर फॉल्स, ८ जुलै १९५६

ती. गसदादास,

नमस्कार. तुझी गोम कळली. कळली नसती तर बरं झालं असतं.

 रुबार्बच्या केकचा दुसरा तुकडा वाढला तेव्हा कुठे पोल्क बोलला. उजव्या हाताचा बॅटर आला की यार्नेल अंगालगतचा चेंडू टाकतच नाही. पोल्क खूण करतो, तो मान हलवतो. पुन्हा खूण, पुन्हा नाही. सगळे चेंडू बाहेरच्या बाजूला. बॅटरांना ते कळलंय, ते पुढे झुकून आरामात मारतात. आतल्या चेंडूचं भय नसलेल्या बॅटरला कोण आउट करणार? हे मी तुला काय सांगणार?

पण खरी गोष्ट पुढेच आहे. गेल्या मंगळवारी सकाळी हे दोघंच सराव करत होते. मैदानावर तिसरं कुणी नव्हतं. पोल्कनं बॅटर उभा राहतो त्या प्लेटमागे बसून आत टाक म्हणून हातमोजा धरला. यार्नेलनं हात वर नेला, थांबला, आणि अगदी साध्या आवाजात पोल्कला म्हणाला, की त्याला जरा मागे सरकायला सांग, प्लेटला फार खेटून उभा आहे. पोल्क म्हणतो, बाई, मी वळून बघितलं, तिथं कुणी नव्हतं.

दादा, प्लेटला खेटून कोण उभं राहायचं हे मी पोल्कला सांगितलं नाही. तो आपल्या गावचा नाही, त्यानं एमिलला पाहिलेलंही नाही.

तुला वाटेल मी घाबरले. मी घाबरले नाही रे, माझा जळफळाट झाला. नऊ वर्षं मी एमिलची खोली झाडते. खिडकी उघडी ठेवते. एकदा, फक्त एकदा जिन्यावर पाऊल वाजावं म्हणून मी किती बसून राहिले असेन. आईकडे आला नाही. आणि ह्या माणसाकडे रोज येतो, टोपी घालून, बॅट घेऊन उभा राहतो? त्याच्या वाट्याला येतो आणि माझ्या नाही? मी ताट आपटून उठले, आणि पोल्क बिचारा तोच आपटल्यासारखा बघत राहिला.

काही सुचलं तर लिही.
मिना

दुलुथ, १४ जुलै १९५६

मिना,

आशीर्वाद. त्या जागेबद्दल मला पुन्हा लिहू नकोस. मैदानावर तर मुळीच जाऊ नकोस. पेपरात आलंय की सप्टेंबर उजाडायच्या आत तो सुधारला नाही तर त्याला काढून टाकणार. एकतीस वर्षांच्या, हरणाऱ्या पिचरला त्यानंतर कुणी विचारत नाही. जाऊ दे त्याला. जाईल आणि त्याच्याबरोबर हे सगळंही जाईल.

कंबर दुखते आहे, म्हणून एवढंच. माया आहेच.
गस

ब्रॅनर फॉल्स, १३ ऑगस्ट १९५६

ती. गसदादास,

नमस्कार. एवढं छोटं पत्र तू आयुष्यात लिहिलं नव्हतंस. ते मी महिनाभर एप्रनच्या खिशात घेऊन हिंडले. त्यातलं एक वाक्य मला गिळवेना. यार्नेल जाईल आणि त्याच्याबरोबर हे सगळं जाईल, म्हणजे दादा, एमिलही जाईल. कुठल्या तरी परक्या गावात, भुसार मालाच्या गोदामात नाहीतर पेट्रोल पंपावर हा माणूस काम करील, आणि माझं पोर तिथं त्याच्यासमोर उभं राहील. कायमचं. चेंडूची वाट बघत. हे मी होऊ देईन?

म्हणून काल चर्चमधून आले ती हॅट न काढताच मैदानावर गेले. फाटकाचा रंग बदललाय. आत दोघं सराव करत होते. यार्नेलनं मला पाहिलं आणि चेंडू त्याच्या हातातून गळून पडला. मी समजत होते कुणी राक्षस असेल. तो नुसता थकलेला माणूस आहे रे, कानांजवळ केस पिकलेत. त्यानं टोपी काढली.

मी सरळ प्लेटजवळ गेले आणि एमिल उभा राहायचा तिथं, तस्सं खेटून उभी राहिले. पोल्क ओरडला, बाई, हे काय चालवलंय! मी म्हटलं, तू गप्प बस आणि हातमोजा धर. मग यार्नेलला विचारलं, की आता इथं कोण दिसतंय? तो म्हणाला, तुम्ही. आणि तो? म्हणाला, तुमच्या आड गेला.

तेव्हा मी त्याला जे बोलले ते तुला जसंच्या तसं लिहिते. म्हटलं, तू रोज त्याला मागे सरकायला सांगतोस, पण माझा मुलगा मागे सरकत नाही. त्याला त्याच्या मामानं असंच उभं राहायला शिकवलं, आणि बरोबर शिकवलं. त्यानं तसंच उभं राहून साऱ्या लीगला झोडपलं. जागा त्याची, ती त्यानं धरली. आतला चेंडू तुझा, तो तू टाकलास. दोघांनी आपापलं काम केलं. त्यात पाप कुणाचंच नव्हतं. आता तू तुझं काम सोडून बसलायस, म्हणून त्याला तिथून हलता येत नाहीये. चेंडू टाक आणि माझ्या पोराला घरी जाऊ दे.

तो खाली बसला, तिथंच मातीत, आणि ढसाढसा रडला. मीही रडले, पण उभ्यानं. चेंडू काही त्यानं टाकला नाही. मी असताना टाकणार तरी कसा? पोल्कनं मला हात धरून घरी आणलं आणि त्या दिवशी त्यानं जेवण मागितलं नाही, यावरून काय ते समज.

मामानं बरोबर शिकवलं, हे वाक्य मी मुद्दाम दोनदा लिहिते आहे. मामानं बरोबर शिकवलं.
तुझी मिना

दुलुथ, १९ ऑगस्ट १९५६

चि. मिनास,

आशीर्वाद. तुझं पत्र उशीखाली आहे. त्याबद्दल मला लिहिता येणार नाही. नर्सनं विचारलं डोळ्यांना काय झालं, मी कांद्याचं सूप म्हणून सांगितलं. इथं कांद्याचं सूप मिळत नाही.

पेपरात वाचलं की येत्या शनिवारी कॉर्लिसविरुद्ध त्याला शेवटची संधी देणार. हरलो तर हंगामही संपला आणि तोही. तुझी जुनी खुर्ची, प्लेटच्या मागची, जाळीजवळची. जाऊन बस. माझ्या वाट्याचंही बघ. आणि कॉर्लिसचा तो ढोल्या बॅटर आहे ना, ड्रॅगो, तो प्लेटला फार खेटून उभा राहतो. एवढंच सांगतो.

ताबडतोब लिही. लिहिलं नाहीस तर लोभ कमी करीन.
गसदादा

ब्रॅनर फॉल्स, २६ ऑगस्ट १९५६

ती. गसदादास,

नमस्कार, नमस्कार, नमस्कार.

तुला आकडे पेपरात मिळतील, म्हणून आकडे लिहीत नाही. खुर्ची होती तिथंच होती, गादी मात्र कुणीतरी नवी घातलीय. लोकांनी मला वाट करून दिली. सुरुवातीला त्याचे सगळे चेंडू बाहेरच जात होते. मी पर्सचा पट्टा पिळत बसले. आपण एका धावेनं पुढे होतो, पण कशीबशी. आठव्या डावात कॉर्लिसचे दोघं धाव घ्यायच्या तयारीत बेसवर चढले आणि तुझा तो ढोल्या आला. खेटून उभा राहिला. आमच्या पोराइतका खेटून नाही, पण पुरेसा.

पोल्कनं आतली खूण केली. यार्नेलनं मान हलवली. पोल्कनं पुन्हा तीच केली. मग यार्नेलनं जाळीतून माझ्याकडे पाहिलं. दादा, माझा हात आपोआप वर गेला. अंगणात एमिलला हाक मारताना करायचे तसा. ये, म्हणून.

त्यानं आत टाकला. ढोल्या धाडकन पडला. बॅट एकीकडे, टोपी एकीकडे, हात डोक्यावर. आणि सगळं मैदान गप्प झालं. तेच गप्प. नऊ वर्षं मी ज्याच्यापासून लपत होते तेच. मी उभी राहिले आणि जाळी धरली. यार्नेल पिचरच्या उंचवट्यावर दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून वाकला होता.

मग तो ढोल्या उठला. चेंडू त्याला शिवलाही नव्हता. पँट झटकली, टोपी उचलली आणि यार्नेलला अशी एक अर्वाच्य शिवी दिली की पाळकाच्या बायकोनं कानांवर हात ठेवले. मी हसले, दादा. ओक्साबोक्शी रडत हसले. शेजारच्यांना वाटलं बाईला वेड लागलं. पुढच्या तीन चेंडूंत तो आउट झाला, आणि सामना आपण जिंकलो, पण ते मी नीट पाहिलंच नाही.

सामना संपल्यावर पोल्कनं त्याला विचारलं, की आज कोण उभं होतं? यार्नेल म्हणाला, ड्रॅगो. फक्त ड्रॅगो.

घरी येऊन मी एमिलच्या खोलीची खिडकी लावून घेतली. हवा आता गार पडायला लागलीय.

इतकी वर्षं मी वाट बघत होते, आणि कशाची बघते आहे हेच मला माहीत नव्हतं. तिथं पडलेला पोरगा उठून उभा राहावा, एवढंच बघायचं होतं मला. दुसऱ्या कुणाचा का असेना. तो उठला, दादा. तो उठला.

पुढच्या शनिवारी तुझी कंबर आणि काठी घेऊन गाडीत बस. माझ्या शेजारची खुर्ची तुझ्यासाठी धरून ठेवलीय, आणि ती मी कुणालाही देणार नाही. लोभाचं मग समोरासमोर बघू.

तुझी,
मिना