उन्नती मॅडम सकाळी येतील

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार
उन्नतीचं तेरावं झालं. पाहुणे बदलापूरहून आपापल्या गावी गेले. दुपारी आमची रक्त तपासणीची लॅब उघडली. पेशंट कमी. तिचा भाऊ कल्पेश म्हणाला, "दाजी, लॅबच्या व्हॉट्सॲपवरचा एआय अजून सगळ्या पेशंटना सांगतोय, ताई येणार." उत्तरं कशी द्यायची, याच्या एआयसाठीच्या सूचना उन्नतीनेच लिहिल्या होत्या. पहिलीच ओळ: रक्त घ्यायला उन्नती मॅडम सकाळी घरी येतील, उपाशीपोटी थांबा.
ती ओळ बदलणार नाही. कारण तांत्रिक आहे. सूचनांमधला वरचा मजकूर जसाच्या तसा राहिला तर एआय आधी वाचून ठेवलेलंच वापरतो. उत्तर लवकर, खर्च कमी. याला कॅशिंग म्हणतात. वर एक शब्द हलवला की तिथपासून सगळं नव्याने वाचणार. म्हणून नवं ते तळाला. तळाला लिहिलं: उन्नती मॅडम आता नाहीत. पुरेसं आहे.

५ नोव्हेंबर
पुरेसं नव्हतं. बेलवलीच्या एका पेशंटला उत्तर गेलं: उन्नती मॅडम आता नाहीत, सकाळी येतील.
कल्पेश हसला. मग बाईकची किल्ली घेऊन बाहेर गेला.
तळाला आणखी एक ओळ घातली: यापुढे कल्पेश येईल.

८ नोव्हेंबर
तळाला बऱ्याच ओळी झाल्या. आता उत्तर येतं: कल्पेश येईल, उन्नती मॅडम सोबत असतील. कल्पेश म्हणाला, "बाईकवर सारखं मागे वळून बघतो मी. काढा ना ती वरची ओळ." त्याला कॅशिंग पुन्हा समजावलं. टेक्निकल गोष्टीत भावना आणून चालत नाही. रविवारी शांतपणे बसून बघतो.

९ नोव्हेंबर, रविवार
डोकं दुखत होतं.

११ नोव्हेंबर
शुगरच्या पेशंट ठमाबाई. कल्पेश सकाळी दारात गेला तर म्हणाल्या, "तू नको रे बाबा. मॅडम येतायत." त्याला परत पाठवलं. दुपारपर्यंत उपाशी बसल्या आणि चक्कर येऊन पडल्या. ॲडमिट आहेत, शुद्धीवर आल्या.
सुनेचा फोन आला. ओरडली नाही. म्हणाली, "मी सांगितलं मॅडम वारल्या. सासूबाईंनी मोबाईल दाखवला. मी खोटी पडले."

१२ नोव्हेंबर
वरची ओळ काढली. तिथे कल्पेशचं नाव घातलं. तळाच्या ओळींची गरज उरली नाही, त्याही काढल्या. पहिलं उत्तर जरा उशिरा आलं, पुढची नेहमीसारखी. खर्चातला फरक शोधूनही दिसला नाही.
लॅब बंद करताना स्वतःच्या मोबाईलवरून विचारलं, उन्नती मॅडम कधी येतील?
उत्तर: या नावाचं आमच्याकडे कोणी नाही.
घरी येऊन भात लावला. जेवलो. ताट धुऊन ठेवलं.