नाहीची तालीम

शेंद्रा
१० नोव्हेंबर २०२५

चि. सौ. दिपालीस,
सोनाजीदादाचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

मोबाईल खिशात असताना दादाला पत्र लिहायची हुक्की कुठून आली, असं तुला वाटेल. सांगतो. तुझं घर दोन खोल्यांचं, कणीक मळताना तू फोन स्पीकरवर टाकतेस, आणि कॉलेजसाठी तुझ्याकडं राहिलेली माझी श्रेया तिथंच अभ्यासाला बसलेली असते. तिच्या कानावर जाऊ नये अशी गोष्ट आहे. म्हणून हे पत्र रामेश्वर दाजींच्या डब्याच्या पिशवीत घालतोय. कंपनी सुटली की ते फाट्यावर माझ्याबरोबर चहा घेतातच. पाकीट चिकटवलंय. दाजींनी विचारलं तर वहिनीनं लोणच्याची कृती पाठवली म्हण.

श्रेयाला स्थळ आलंय. मुलगा शिवम, इथल्याच एका कंपनीत सुपरवायझर आहे. आईवडील गारखेड्यात, फ्लॅट स्वतःचा, इमारतीला लिफ्ट. येत्या तेवीस तारखेला, रविवारी, ती मंडळी तुझ्याकडं सहज चहाला येतील. सहज म्हणजे कसं, ते तुला सांगायला नको. आमच्याकडं मेंढ्यांचा वास, शहरातली माणसं नाक मुरडतात. तुझं पुंडलिकनगर बरं. मी आलो तर पोरीला संशय येईल, म्हणून मी येत नाही. तिला आधी काही सांगू नकोस, नाहीतर फार्मसीचं शेवटचं वर्ष पुढं करून बसेल. साडी नेसायला लाव आणि पोह्यांचा ट्रे तिच्या हातात दे, बस्स.

तुझ्या इंग्रजी बोलायच्या क्लासचं ऐकून वहिनी लई हसली. मेंढ्या हाकायचं इंग्रजी शिकलीस की कळव.

उत्तर दाजींच्याच पिशवीतून धाड. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझा,
सोनाजीदादा


पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
१३ नोव्हेंबर २०२५

ती. दादास,
दिपालीचा शि. सा. न. वि. वि.

लोणच्याची कृती मिळाली. वाचून तोंडाला पाणी सुटण्याऐवजी तोंड कोरडं पडलं.

आधी क्लासचं सांगते. हसायचं काही कारण नाही. मागच्या पालकसभेत पोराच्या बाई इंग्रजीत बोलत होत्या आणि मी शहाण्यासारखी मान हलवत होते. घरी आल्यावर कळलं, स्नेहसंमेलनातल्या सगळ्या पोरांचे मुकुट करायला मी होकार दिलाय. दुसऱ्याच दिवशी क्लासमध्ये नाव घातलं. क्लास गारखेड्यात, जिलेबीच्या दुकानाच्या वर. सरांचं नाव कडुबा, पण पाटीवर के. बी. सर. ते व्याकरणात अडकवत नाहीत, रोजचं बोलायला लावतात. भाजीवाल्याशी, कंडक्टरशी, शेजारणीशी. या आठवड्याचा विषय टेम्प्टेशन, म्हणजे मोह. जोडी करून बसायचं, एकीनं जिलेबीचा आग्रह करायचा, दुसरीनं म्हणायचं, नो, थँक यू. तरीही आग्रह झाला तर, आय ॲम शुअर. म्हणजे माझं पक्कं आहे. माझ्या जोडीला लीलाबाई, निवृत्त नर्स. मी खोटी जिलेबी पुढं केली की त्या खरा हात पुढं करतात. खालून तुपाचा वास येत असताना त्या बिचारीनं तरी काय करावं!

सर म्हणाले, इंग्रजीत एकदा नाही म्हटलं की समोरचा पुन्हा विचारत नाही. आम्ही सगळ्या बायका एकमेकींकडं बघत राहिलो. पुन्हा विचारलंच नाही तर पाहुणा उपाशी नाही का जायचा?

आता स्थळाचं. श्रेया पहाटेपासून पुस्तकात असते. तिला औषधांच्या लॅबमध्ये काम करायचंय. लग्नानंतर शिकवू असं सगळेच म्हणतात. तिच्यापासून लपवून हे मला जमायचं नाही. आत्ता येऊ नका असं त्या मंडळींना कळव.

रागावू नकोस. वहिनींना नमस्कार. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
दिपाली


शेंद्रा
१७ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. दिपालीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं, आनंद वाटला. जमायचं नाही असं लिहिलंस ते रीतीला धरूनच झालं. तू एकदम हो म्हणाली असतीस तर मलाच काळजी लागली असती. तेव्हा मंडळींना तेवीस तारीख पक्की कळवली आहे. सकाळी अकरा वाजता येतील.

मोहाचा अभ्यास तुम्हा शहरातल्यांना करावा लागतो. मला कसला आलाय मोह? उरलेल्या चार मेंढ्या आणि थोडं रान. त्या रानावर प्लॉट पाडू म्हणून एक दलाल रोज येतो. मी रोज नाही म्हणतो. तो व्हय व्हय करत हसतो, चहा पितो आणि उद्या येतो म्हणून जातो. मोहात तो पडलाय, मी नाही. लिफ्टचं तेवढं खरं आहे. वहिनीचे गुडघे गेलेत. लेकीकडं जाताना जिना चढायला नको, एवढं बापाच्या मनात आलं तर त्यात वाईट काय?

वहिनीनं तूप दिलंय. शिरा त्यातच कर, आणि पाहुण्यांना दुसऱ्यांदा वाढल्याशिवाय सोडू नकोस.

रविवारची खबर लगेच कळव. तुझ्यावर भार टाकलाय, कारण तू कधी नाही म्हणत नाहीस. असाच लोभ ठेव.

तुझा,
सोनाजीदादा


पुंडलिकनगर
२४ नोव्हेंबर २०२५

ती. दादास,
दिपालीचा शि. सा. न. वि. वि.

तुला गारखेड्याहून फोन आला असेलच. माझ्याकडूनही ऐक.

शनिवारी मी ह्यांना आणि श्रेयाला सगळं सांगून टाकलं. ह्यांना संशय होताच, कारण लोणच्याची कृती पुनःपुन्हा येऊनही घरात लोणचं काही झालं नव्हतं. श्रेया रडली नाही. एवढंच म्हणाली की दिवाळीतच बाबांना सांगितलं होतं, परीक्षा आणि नोकरी झाल्याशिवाय लग्न करायचं नाही. तू हसलास म्हणे. रविवारी ती मैत्रिणीकडं अभ्यासाला गेली. मी शिरा केला, पोहे केले आणि देवाचं नाव घेतलं.

मंडळी वेळेवर आली. चांगली माणसं आहेत, उगाच नावं ठेवत नाही. शिवमची आई, सुरेखाताई, थोड्या वेळानं म्हणाल्या, मुलीला बोलवा. मी हात जोडून सांगितलं की मुलीचं शिक्षण चालू आहे, आत्ता लग्नाचा विचार नाही. त्या कौतुकानं हसल्या. मुलीकडच्यांनी असंच म्हणायचं असतं, म्हणाल्या. मी पुन्हा सांगितलं, खरंच नाही. शिवमचे वडील व्हय व्हय म्हणाले, आमच्या धाकटीच्या वेळी आम्ही पण लई ताणून धरलं होतं म्हणाले, आणि शिऱ्यासाठी ताटली पुढं केली. मी वाढत वाढत तिसऱ्यांदा सांगितलं. तेव्हा त्यांनी बैठक कधी बसवायची ते विचारलं. दादा, हातात तुपाचा चमचा घेऊन म्हटलेलं नाही कुणाला खरं वाटणार?

मग काय झालं मलाच कळलं नाही. चमचा खाली ठेवला आणि तोंडातून निघून गेलं, नो, थँक यू. आय ॲम शुअर.

सुरेखाताईंनी कप बशीत ठेवला. शिवमचे वडील ह्यांच्याकडं बघून म्हणाले, म्हणजे खरंच नाही? हे म्हणाले, आता इंग्रजीतच म्हणाली म्हटल्यावर तसंच दिसतंय. मंडळी उठली. सगळ्यात शेवटी शिवम निघाला. जिन्यावर मागं वळून तो हळूच थँक यू म्हणाला. शिऱ्याबद्दल की कशाबद्दल, देव जाणे.

आज क्लासमध्ये सरांनी विचारलं, कुणी मोह जिंकला? लीलाबाई उठून जिलेबीवर बोलल्या आणि क्लास सुटल्यावर थेट खाली दुकानात गेल्या. माझा मोह जिलेबीचा नाही. मला चांगली म्हणवून घ्यायचा मोह आहे. सून चांगली, बहीण चांगली, मुकुट करून देणारी आई चांगली. तो काल एकदाच सुटला, आणि आज तुझी भीती वाटते आहे.

एक लिहिते आणि थांबते. माझी बारावी चालू असताना हे मला बघायला आले होते. मी नको म्हणाले होते. आईला म्हणाले, बाबांना म्हणाले, तुलाही म्हणाले. तू हसून सगळ्यांना सांगितलंस, बघा, पोरगी लाजली. हे फार चांगले निघाले, माझी काही तक्रार नाही. पण मी लाजले नव्हते, दादा. मला पुढं शिकायचं होतं.

राग आला तरी पत्र धाड. वहिनींना नमस्कार.

तुझीच,
दिपाली


शेंद्रा
६ डिसेंबर २०२५

चि. सौ. दिपालीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, कारण राग उतरायला उशीर झाला. गारखेड्याहून फोन आलाच होता. तुमच्या बहिणीनं इंग्रजीत अपमान केला म्हणाले. मराठीत केला असतास तर त्यांनी मनावर घेतलं नसतं, असं त्यांच्या बोलण्यावरून वाटलं. मी चार शब्द ऐकून घेतले आणि बहीण माझीच आहे म्हणून सांगितलं.

तुझं ते वाक्य मी दलालावर चालवून पाहिलं. चहा ओतायच्या आधीच म्हणालो, नो, थँक यू. त्यानं दचकून पाहिलं, ओके सर म्हणाला आणि गाडीला किक मारून गेला. मला वाटलं, सुटलो. दुसऱ्या दिवशी इंग्रजी बोलणारा भागीदार घेऊन आला. आता पुढचा धडा पाठव.

तू शेवटी जे लिहिलंस ते वाचलं. वहिनीला पत्र वाचून दाखवत होतो, तिथं आलो आणि पान उलटायला लागलो. तिनंच पत्र हातातून घेतलं.

लिफ्टचं म्हणशील तर मोह लिफ्टचा नव्हता. पोरगी गारखेड्यात पडली तर हाकेच्या अंतरावर राहील, एवढाच होता. वहिनी तूप पाठवते आहे, या खेपेला तुम्हीच खा. दाजींना आता पाकीट चिकटवून देत नाही. लोभ आहे म्हणतेस, तो या म्हाताऱ्यावर राहू दे.

तुझा,
सोनाजीदादा

ता. क. पत्राची घडी घालत होतो, तेवढ्यात श्रेया शनिवारची घरी आली. कोकरांना पाणी पाजायला बसली, तिथंच मी शेजारी बसून विचारलं, लग्नाचं बघायचं का, बाई? नाही म्हणाली. मराठीतच म्हणाली. वहिनी मागून मला कोपरानं ढोसत होती, अजून एकदा विचारा म्हणून. मी पुन्हा विचारलं नाही.