रिकाम्या स्टुलावरची चौकट

मी, लालसिंग देवसिंग आडे, वय सदुसष्ट, धंदा फोटोग्राफी, राहणार वणी, जिल्हा यवतमाळ, हे मृत्युपत्र माझ्या ‘राखी फोटो स्टुडिओ’त बसून, भर दुपारी, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणाचा दाब नाही, कोणी पढवलेले नाही. डॉक्टरांनी तपासून माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचा दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे. रिकाम्या स्टुलावर माणूस पाहणारा शुद्धीवर कसा, हा प्रश्न माझा मुलगा सुनील काढणारच, म्हणून उत्तर आधीच देऊन ठेवतो. मला त्या स्टुलावर कोणीही दिसत नाही. दिसते ते कॅमेऱ्याला.

१. माझी पत्नी जमनी दोन वर्षांपूर्वी वारली. मला दोन अपत्ये: मुलगी राखी, जी माझ्यासोबत स्टुडिओ चालवते, आणि मुलगा सुनील, जो लग्नांचे व्हिडिओ करतो आणि बापाला मागासलेला समजतो. आणखी कोणी वारस म्हणून उभा राहिला तर त्याला चहा पाजून परत पाठवावे.

जमनीची माझ्यावर एक तक्रार होती, ती इथे लिहिणे भाग आहे. आमच्या दोघांचा एकत्र फोटो नाही. आमचे लग्न तांड्यावर झाले. तांड्यात कॅमेरा एकट्या माझ्याकडे होता आणि नवरदेवही मीच होतो. पुढे सगळ्या तालुक्यातली जोडपी मी या दोन स्टुलांवर बसवली, हनुवट्या सरळ केल्या. जमनी म्हणायची, “लोकायच्या बायका बसवता, मले कधी बसवान तुमच्या बाजूले?” मी म्हणायचो, सवडीने. सवड झाली नाही.

२. राहते घर दोन्ही मुलांनी निम्मे निम्मे घ्यावे. मधे भिंत घालू नये. घालायचीच असेल तर स्वयंपाकघर राखीकडे जाईल अशा बेताने घालावी, कारण सुनीलला साधा चहा करता येत नाही.

३. बँकेतल्या ठेवी सुनीलला. स्टुडिओ, पाटी, दिवे, लेन्स, प्रिंटर आणि गिऱ्हाईक राखीला. पाटीवर आपले नाव नाही म्हणून सुनील लहानपणापासून रुसलेला आहे. बाळा, पाटी रंगवली तेव्हा तू जन्मला नव्हतास. रंगाऱ्याला काय नाव सांगणार होतो?

४. समोरच्या गाळ्यातला फोटोग्राफर इंद्रजीत याला माझा धूळ उडवायचा रबरी पंप द्यावा. जुना कॅमेरा विकून त्याने सगळे सामान दुसऱ्या कंपनीचे घेतले आणि माझ्या दारात उभे राहून गिऱ्हाइकांना ऐकवले, “लालसिंगभाऊचं दुकान आता म्युझियम झालं.” आमच्या वणीत कोळशाचे ट्रक दिवसभर जातात. सकाळी पुसलेली काच दुपारी काळी होते. असल्या हवेत तो रस्त्यावर उभा राहून लेन्स बदलतो आणि मग नवरीच्या गालावर काळा ठिपका कुठून आला म्हणून कंपनीला शिव्या घालतो. त्याला पंपाची गरज माझ्यापेक्षा जास्त आहे. माझा राग मात्र मी बरोबर घेऊन जाणार आहे, तो कोणाला दिलेला नाही.

तलाव आणि कमळे रंगवलेला जुना पडदा सुखीबाईला द्यावा. ती स्टुडिओ झाडते आणि झाडताना त्या तलावाकडे पाहत उभी राहते. मी तिला त्यावरून नेहमी चिडवले, पण मला ते आवडायचे.

५. आता कॅमेऱ्याविषयी. हे मृत्युपत्र त्याच्यासाठीच आहे.

नवा कॅमेरा आला की आमच्याकडे दसऱ्याला त्याची पूजा होते आणि त्याची बोहनी, म्हणजे पहिला फोटो, जमनीचा. रीळ होती तेव्हापासून हे चालत आले. ती डावीकडच्या स्टुलावर बसायची, मान जराशी कलती. कामाची वेळ नसली तरी तिथेच बसून तूर निवडायची. आत्ताचा कॅमेरा घेतला तेव्हाही तसेच झाले. हा कॅमेरा चेहरा सापडला की स्क्रीनवर त्याभोवती पांढरी चौकट काढतो आणि फोकस तिथे बांधतो. त्यात ओळखीचे चेहरे नोंदवता येतात. नोंदलेला चेहरा समोर आला की तो बाकीच्यांना सोडून तिकडे जातो. राखीने पहिला चेहरा जमनीचा नोंदवला, दुसरा माझा.

जमनीची तेरवी झाल्यावर मी स्टुडिओ उघडला. एक मास्तर पासपोर्ट फोटोला आले, उजवीकडच्या स्टुलावर बसले. चौकट त्यांच्या चेहऱ्यावर आली आणि सरकली. सरकून डावीकडच्या रिकाम्या स्टुलाच्या वर जाऊन थांबली. मास्तर धूसर आले. मी पुन्हा काढला, पुन्हा धूसर. तिसऱ्यांदा मी वैतागून, रोजच्या सवयीने, म्हणालो, “जमनी, सरक ना थोडी.” चौकट स्टुलावरून उठून बाजूला गेली आणि फ्रेमच्या बाहेर निघून गेली. मास्तरांचा फोटो चांगला आला. त्यांच्याकडून पैसे घ्यायचे मात्र मी विसरलो.

नागपूरला कंपनीच्या दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्यांनी ठेवून घेतला, तपासला, बिघाड नाही म्हणून परत दिला. त्यांच्याकडे तो शहाण्यासारखा वागला. इथे दार उघडून तिपाईवर चढवला की चौकट स्टुलावर हजर. मधूनमधून ती क्षणभर नाहीशी होते आणि परत येते, माणूस पापणी मिटतो तशी.

सुनील म्हणाला, “बापू, बिघाड हाय हा. कायले जीव लावून राह्यले ह्या डब्यात? एक्सचेंजमधी देऊन टाका.”

मी त्याला त्या जागेचा फोटो काढून मोठ्या स्क्रीनवर दाखवला. स्टूल धूसर, मागचा पडदा धूसर. त्याने विचारले, मग फोकस आहे कशावर? मी त्याला हवेतले कोळशाचे कण दाखवले. दाराच्या उन्हात ते चमकत होते आणि कॅमेरा आणि स्टूल यांच्या मधल्या जागेतले तेवढेच स्पष्ट होते, एकेक मोजता यावा इतके. पण चौकट होती तेवढ्या जागेत एकही कण नव्हता. ते तिथवर येऊन बाजूने वळलेले दिसत होते. सुनीलने स्क्रीन बंद केला आणि बाहेर जाऊन गाडी पुसत बसला.

६. कॅमेरा आता थकला आहे. लग्नात मधेच अडकतो, मांडवातल्या कमी उजेडात चेहरे मातकट येतात, गिऱ्हाईक तोंडावर बोलून जाते. तेव्हा घरात वर्षभर एकच वाद चालला: याच कंपनीचा नवा घ्यायचा, की सगळे विकून दुसऱ्या कंपनीत जायचे?

राखी म्हणते, याच कंपनीचा घ्या. आपल्या सगळ्या लेन्स चालतील, बटणे हाताला पाठ आहेत. सुनील म्हणतो, दुसरीकडे चला. अंधारात त्यांचा कॅमेरा सरस, व्हिडिओ सरस, नागपूरचे सगळे तिकडे गेले. माझे म्हणणे असे, की त्यांची झूमची कडी उलटी फिरते. आयुष्यभर उजवीकडे वळलेला हात या वयात डावीकडे कसा वळवू?

विक्रेत्याने दोन्ही कॅमेरे एक दिवस वापरून पाहायला पाठवले. याच कंपनीच्या नव्या कॅमेऱ्यात राखीने कार्डावरून जुनी नोंद भरली. स्टुलाकडे वळवताच चौकट आली. जुन्यापेक्षा चटकन आली आणि हलेना. राखीने स्क्रीनवरची नजर काढून स्टुलाकडे पाहिले. ती जमनीला आमच्या बोलीत याडी म्हणते, म्हणजे आई. ती म्हणाली, “बापू, याडी उभी काहून हाय?”

तेव्हा माझ्या लक्षात आले. चौकट बसलेल्या माणसाच्या उंचीवर नव्हती. ती वर गेली होती.

दुसऱ्या कंपनीचा कॅमेरा सुनीलने लावला. स्टुलावर काहीच नाही. इतकी सामसूम मी त्या जागेवर दोन वर्षांत पाहिली नव्हती. तो खूश झाला, म्हणाला, “पाहा, म्हटलं नव्हतं? बसा बापू, बोहनी करतो.” मी स्टुलावर बसलो. सुनील बटण दाबत राहिला. मग त्याने लेन्स पुसली, दिवा पुढे ओढला, मला चष्मा काढायला लावला. त्या कॅमेऱ्याने माझ्यावर चौकट काढली नाही. सुखीबाई झाडू घेऊन आत आली, तर तिच्यावर लगेच बसली. “उजेड कमी हाय,” सुनील म्हणाला. उजेड माझ्या तोंडावर होता. त्या दिवसापासून मला भीती वाटते, आणि हे मृत्युपत्र त्या भीतीनेच लिहायला घेतले.

आणखी एक. अलीकडे जुन्या कॅमेऱ्यातली चौकट मोठी होत आहे. चौकट मोठी होते म्हणजे चेहरा जवळ येतो, हे आमच्या धंद्यातले पोरालाही कळते. आधी ती लाडवाएवढी होती, आता भाकरीएवढी आहे. स्टूल जागच्या जागी आहे. जमनी कॅमेऱ्याकडे चालत येत आहे, आणि कॅमेऱ्यामागे मी उभा असतो.

७. म्हणून माझा निर्णय असा.

माझ्या पश्चात जुना कॅमेरा लगेच विकू नये, एक्सचेंजमध्ये देऊ नये, त्यातली नोंद पुसू नये. माझे सगळे कार्य झाल्यावर दोन्ही स्टुले शेजारी ठेवावीत, कॅमेरा तिपाईवर लावून चालू करावा आणि राखीने स्क्रीनवर पाहावे. एकच चौकट दिसली तर घाबरू नये. बॅटरी चार्ज करून दुसऱ्या दिवशी परत पाहावे. मी वाटेत असेन. स्वतःच्या लग्नालाही मी उशिरा पोचलो होतो, जमनीला सवय आहे.

ज्या दिवशी दोन चौकटी दिसतील त्या दिवशी बटण एकदाच दाबावे. मग पहिली नोंद पुसावी, मग दुसरी. त्यानंतर हा कॅमेरा, सगळ्या लेन्ससकट, ज्याला हवा त्याला विकावा आणि सुनील म्हणतो त्या दुसऱ्या कंपनीत जावे.

राखी, तुला वाटेल बापूने पोराची बाजू घेतली. तसे नाही गं. याच कंपनीचा घेतलास तर कार्डावरून आम्हीही मागोमाग येऊ, आणि तुझे मन नोंद पुसायला धजणार नाही, हे मी ओळखून आहे. मग समोर नवरी बसलेली असेल आणि फोकस आमच्यावर असेल. तुमच्या अन्नावर मी मेल्यावर बसू इच्छित नाही. मला तुम्हा दोघांची फार माया आहे आणि मला जायचे नाही, हेही लिहून ठेवतो. पण तुम्ही त्या कॅमेऱ्यात जा, जो आम्हाला ओळखत नाही. हात उलटा वळवायची सवय होईल. तुझे वय आहे.

नव्या कॅमेऱ्याची बोहनी तुम्ही दोघांनी शेजारी शेजारी बसून करावी. बटण सुखीबाईने दाबावे. सुनीलने हसावे.

८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी आमचे शेजारी बबनराव पिंपळशेंडे यांनी करावी. त्यांना मी स्क्रीनवर पाहायला बोलावले होते. ते म्हणाले, “लालसिंगभाऊ, सही कुठं करू ते दाखव. बाकी मले काही दाखवू नको.” माणूस व्यवहारी आहे.

९. मृत्युपत्रावर फोटो लावतात. माझा फोटो इंद्रजीतकडून काढून घेणार नाही हे उघड आहे. आज मी उजवीकडच्या स्टुलावर बसलो आणि राखी जुन्या कॅमेऱ्यामागे उभी राहिली. बराच वेळ ती बटण दाबेना. मी विचारले, काय झाले? ती म्हणाली, “हालू नका, बापू. याडी तुमच्या बाजूले येऊन राह्यली.” मी समोर पाहत राहिलो. उजव्या खांद्याला गार वाटले, फॅन बंद होता. मग राखीने बटण दाबले आणि ती रडू लागली.

फोटोत मी धूसर आलो आहे. मागचा पडदाही धूसर आहे. माझ्या उजव्या खांद्याशेजारी कोळशाचे कण स्पष्ट आहेत आणि मधे माणसाएवढी मोकळी जागा आहे, मान जराशी कलती. फोटो खराब आहे असे समजून कोणी दुसरा लावू नये. हा एकच आहे.

वरील मजकूर मी वाचला, मला मान्य आहे, म्हणून साक्षीदारांसमोर सही करतो.

ठिकाण: वणी, जि. यवतमाळ
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५

सही: लालसिंग देवसिंग आडे

साक्षीदार:
१. बबनराव पिंपळशेंडे, शेती. सही लालसिंगभाऊंनी माझ्यासमोर केली.
२. विमलताई पिंपळशेंडे, गृहिणी. माझ्याहीसमोर केली. सही करताना ते उजव्या बाजूला जागा सोडून बसले होते.

(येथे फोटो चिकटवला आहे. डावीकडून: सौ. जमनी आडे, श्री. लालसिंग आडे.)