वरच्या फळीचा नकाशा

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी माझी सध्या चारच वाकतात, उरलेली मोठ्या मनाने पोचली असं समज.) तू तिकडे पोचलीस आणि लेकीचं बाळंतपण सुखरूप पार पडल्याचं कळलं, जीव भांड्यात पडला. तुझे गुडघे काय म्हणतात? माझे बोलतात, आणि जिन्यावर तर खालच्या मजल्यालाही ऐकू जातात.

चाळीस वर्षं शस्त्रागारात बंदुका पुसल्या, आता निवांत बसावं म्हटलं, तर शाळेने मला धरलं. बंदुकीपासून स्वतःला कसं जपायचं ते मुलांना शिकवायचं. मी हो म्हणालो आणि त्या दिवसापासून थकलोच आहे. नियम चारच: बंदूक दिसली की थांबायचं, हात लावायचा नाही, तिथून निघायचं आणि मोठ्या माणसाला सांगायचं. मुलांनी एका तासात घडाघडा पाठ केले. परीक्षा म्हणून मी खेळाच्या सामानाच्या पेटीत एक लाकडी बंदूक ठेवून दिली, तर पाच मिनिटांत तिच्यावरून झोंबाझोंबी. एक पठ्ठ्या 'हात लावायचा नाही' असं सगळ्यांना ओरडून सांगत स्वतः चाप ओढत होता. नववीतली मुलं जास्त शहाणी, त्यांनी आधी दार लावून घेतलं. मी रडगाणं घेऊन मुख्याध्यापिका बाईंकडे गेलो, तर बाईंनी तीच बंदूक उचलून माझ्या पोटावर रोखली आणि अगदी खऱ्यासारखी आहे हो, म्हणाल्या. (खोटीच आहे, रिकामीच आहे, हे मी जन्मभर ऐकत आलो. आमच्या शस्त्रागाराच्या छताला एक भोक आहे, तेही रिकाम्याच बंदुकीने पाडलेलं.)

मग मी डोकं चालवलं, इथेच चुकलं. गृहपाठ दिला की आपल्याला माहीत नाही असं घरच्यांना वाटतं, अशा घरातल्या एका जागेचा नकाशा काढून आणा. ताई, मोठ्या माणसांनी काही लपवायच्या भानगडीत पडूच नये. वडिलांच्या सिगारेटी, आईची चॉकलेटं, कुणाच्या आजोबांची जादा कवळी, सगळं रंगीत खडूंनी काढून आलं. बाईंच्या मुलाने तर बाईंचं प्रश्नपत्रिकांचं कपाट काढलं होतं, किल्लीसकट. त्या दिवसापासून बाई माझ्याशी जेमतेम बोलतात.

सगळ्यांत नेटका नकाशा तिसरीतल्या एका मुलीचा होता. लोखंडी कपाट, वरची फळी, आजोबांचा कोट, कोटाखाली लांब वस्तू, शेजारी काडतुसांचा डबा. शिलाई मशीनच्या खणाकडे बाण आणि बाणावर 'किल्ली'. कपाटापुढे स्टूल, आणि त्याखाली सुवाच्य अक्षरात: इथे उभं राहायचं. वर्गशिक्षिकेने त्याला शाबासकी देऊन तो व्हरांड्यातल्या फलकावर लावला होता, येणारा-जाणारा बघत होता. मी तो टाचण्यांसकट ओढून काढला. ताई, ती मुलगी म्हणजे तुझी नात. मी तडक तुझ्या घरी गेलो.

बाकी सगळं ठीक. जावईबापूंना नमस्कार, बाळाला पापा.

तुझा धाकटा

ता. क. भावजींची आठवण म्हणून तू ती बंदूक ठेवलीस, हे मला कळतं. त्यांचा कोट ठेव, चष्मा ठेव. बंदूक आणि काडतुसं मला पोलीस ठाण्यात जमा करू दे. परवाना तुझ्या नावावर आहे, म्हणून सोबतच्या अर्जावर सही करून उलट टपाली पाठव. एवढं माझं ऐक. तोवर किल्ली माझ्या खिशात आहे आणि स्टूलही मी घरी उचलून आणलं आहे. (आमची सून रोज विचारते, हे कशाला?)

ता. क. २ नातीला रागावू नकोस. मी तिला जवळ घेऊन विचारलं, हे सगळं तुला कुणी दाखवलं? ती म्हणाली, "मामाआजोबा, तुम्हीच. दर वर्षी तुम्ही बंदुकीला तेल द्यायला येता ना, तेव्हा स्टूल मीच धरते."