मितभाषी

गोडादरा, सुरत
१९ नोव्हेंबर १९९७

प्रिय अक्का,

आधी न्हाणीघराची कडी लाव, मग वाच. साडी देताना आपल्या गल्लीतल्या हंसाबेन तुझ्या कानाशी "फॉल जरा जोई लेजे", बघून घे, असं म्हणाल्या असतील आणि तुला वाटलं असेल, पल्लीनं नेहमीसारखा वाकडा टाका घातला. टाका वाकडा नाही, मुद्दाम सैल ठेवलाय. कागद वाजू नये म्हणून मलमलीच्या चिंधीत गुंडाळून मायनं स्वतः तो फॉलच्या आत बसवला. तुझी पत्रं दाजी आधी वाचतात हे आता आम्हाला कळलंय, पण बायकोच्या साडीचा फॉल उसवून बघणारा नवरा अजून जन्माला यायचाय. अक्का, तुला तिथून बाहेर काढायचं आहे. कसं, ते याच पत्रात आहे. पण का ते कळल्याशिवाय तू जागची हलायची नाहीस, तुझा स्वभाव मी ओळखून आहे, म्हणून पहिल्यापासून लिहिते. मधलं सोडून शेवट बघू नकोस.

प्लेगच्या पुढच्या वर्षीचा आपल्या समाजाचा वधू-वर परिचय मेळावा आठवतो ना? लिंबायतला शाळेच्या पटांगणात मांडव, वरण-बट्टीचं जेवण, आणि एकेक मुलगा छातीला नंबर लावून माईकवर स्वतःची जाहिरात करतोय. एक म्हणाला, माझा स्वतःचा टेम्पो आहे. दुसऱ्यानं तर सचिन जीआयडीसीतल्या कारखान्यातला पगार भत्त्यासकट सांगितला. मग सत्तेचाळीस नंबर आला. उंच, बाह्यांची बटणं मनगटापर्यंत लावलेला. "मी हेमराज. शिक्षक. आफ्रिकेत," एवढं बोलला आणि माईककडे बघतच राहिला. कान लालबुंद. माईकनं शिट्टी मारली तसा खाली उतरून गेला. सगळा मांडव हसला, त्यात सगळ्यात मोठा आवाज तुझा. मी तुला चिमटा काढला होता. आणि माय काय म्हणाली? "पोऱ्या सालस शे. बोलस नही, पन सालस शे." आपल्या गल्लीत चोवीस तास मागांची खटखट, नानांचे कान त्या आवाजानं अर्धे गेलेले, इथं माणूस घसा फाडल्याशिवाय मीठ मागत नाही. अशा घरात न बोलणारा माणूस म्हणजे देवमाणूसच वाटणार की!

आठ दिवसांनी त्यांचं पत्र आलं. दोन पानं, एक खाडाखोड नाही, ओळी अशा सरळ की पट्टी ठेवून आखल्यासारख्या. "मी मितभाषी आहे. गर्दीत मला बोलणे जमत नाही, परंतु ज्या व्यक्तीस मी आपले मानतो तिच्यासाठी माझ्याकडे वेळ आहे. मला वाचनाची आवड आहे. येथील हवामान आल्हाददायक आहे. माझी सहधर्मचारिणी शांत व समंजस असावी, इतकीच अपेक्षा." नाना ते पत्र सदऱ्याच्या खिशात घालून कारखान्यात न्यायचे. शेजारणी ऐकायला यायच्या आणि मी वाचून दाखवायची, इतक्या वेळा की आजही मला ते तोंडपाठ आहे. पुढं शेजारच्या इंदुबाईच्या भाचीलाही अक्षरन् अक्षर तेच पत्र आल्याचं कळलं तेव्हा आपण पोट धरधरून हसलो. लग्नपत्रिका नाही का सगळ्यांना एकच जाते, असं तूच म्हणालीस. खरंच आहे, त्यात वावगं काय होतं? लाजाळू माणूस, एकदा कसंबसं जमलेलं पत्र पुन्हा पुन्हा उतरवून काढणार.

जानेवारीत सुपारी फुटली, त्याच महिन्यात लग्न झालं, आणि पासपोर्ट हातात पडल्यावर जूनमध्ये तू गेलीस. तुझं म्वांझाहून आलेलं पहिलं पत्र मी अजून उशाखाली ठेवते. ना काना, ना मात्रा, पण वाचताना तू समोर बसून बडबडतेयस असं वाटतं. "पल्ले इथं कच्ची केळी शिजवून भातासारखी खातात माय व्हय मी तर हसून हसून मेले." दुसऱ्या पत्रात पाटीचं आलं. घरात दाजी बोलतच नाहीत, हवं-नको पाटीवर लिहून दाखवतात, तूही लिहूनच सांगायचं, आणि चुकलं की लाल खडूनं दुरुस्त करून देतात. "आठवी नापास झाले होते ना आता पास होईन बघ." आम्ही हसलो गं अक्का. तिसऱ्या पत्रात तू लिहिलंस, मोठ्यानं हसले की यांचं डोकं दुखतं, मग दोन दिवस पाटीसुद्धा हातात देत नाहीत. तेव्हाही माय म्हणाली, मास्तर माणूस आहे, डोक्याचं काम, दुखणारच.

गेल्या वर्षीच्या दिवाळीपासून तुझी पत्रं बदलली. अक्षर तुझंच, तो शेपूट ओढलेला 'ल' तुझाच. पण आत तू नाहीस. "चि. पल्लवीस अनेक आशीर्वाद. येथील हवामान आल्हाददायक आहे. हे माझी फार काळजी घेतात." चि. पल्लवी! जन्मात मला पल्ली, पल्ले, टवळे याशिवाय काही म्हणाली नाहीस तू. आल्हाददायक हा शब्द तुला बोलायला लावला असता तर जिभेची गाठ बसली असती. मी मायला म्हणाले, ही पत्रं अक्काची नाहीत, कुणीतरी सांगतंय आणि ती उतरवून घेतेय. माय म्हणाली, वाण नाही पण गुण लागला. आणि नाना? ते तर लूमवर सगळ्यांना सांगत सुटले की माझी आंडेर, माझी लेक, मास्तरणीसारखं लिहायला लागली. मला इतका राग आला की दोन दिवस मी नानांशी बोलले नाही.

मग मी एक खोडी केली. श्रावणात तुला लिहिलं, आपली कपिला गाय व्याली, वासरू पांढरं आहे. गाय! आपल्या दोन खोल्यांत शेळीला उभं राहायला जागा नाही. तुझं उत्तर आलं, "कपिला व्याली हे वाचून आनंद झाला. वासराची निगा राखणे." याचे अर्थ दोनच. एक तर माझी पत्रं तुझ्यापर्यंत पोचतच नाहीत. नाहीतर तू वाचलंस, ओळखलंस आणि मुद्दाम जाऊ दिलंस, मला कळावं म्हणून. मी नानांना ओढत पीसीओवर नेलं. शाळेच्या नंबरावर चार रविवार फोन लावला. तू कधी आंघोळीला, कधी झोपलेली, कधी देवळात. दाजींचा आवाज इतका मऊ की राग कुणावर काढायचा ते समजेना. चौथ्या रविवारी मायही बरोबर होती, आणि तू फोनवर आलीस. "मी मजेत आहे" असं तीनदा म्हणालीस. मायनं फोन हिसकून घेतला आणि म्हणाली, "आपली बोलीमा बोल ना, माय." मीही रिसीव्हरला कान लावला. मला तुझा श्वास ऐकू येत होता. मग लाइन कट झाली. त्या दिवशी माय जेवली नाही.

आता एक सांगायचं आहे आणि ते लिहिताना मेल्याहून मेल्यासारखं होतंय. दाजींच्या त्या पत्राला उत्तर मी लिहिलं होतं, तुझ्या नावानं. तू म्हणाली होतीस, "लिही, मी इतकी बोलते की कावळासुद्धा छपरावर बसत नाही, चालत असेल तर या." मी हसले आणि दुसरंच लिहिलं. "मलाही शांतता प्रिय आहे. मी स्वभावाने अबोल आहे." वाटलं, किती छान जुळतंय! तू बारीक अक्षरात सही केलीस, वाचलंसुद्धा नाहीस. दाजींना अकरा मुलींची उत्तरं आली होती म्हणे, त्यांनी तुझं निवडलं, माझ्या त्या दोन वाक्यांसाठी. या उन्हाळ्यात त्यांनी नानांना एक ओळ लिहिली होती. "आपण मला दिलेला परिचय असत्य होता." नानांनी ती कुणाला दाखवली नाही, ते परवा बोलले. अक्का, त्यांना न बोलणारी बायको हवी होती आणि मी तुला विकून टाकलं. तू मला मार, झिंज्या उपट, जन्मभर बोलू नकोस, पण आधी घरी ये.

ऐक. हंसाबेनचे भाऊ जयंतीभाई तुमच्या शाळेच्या ट्रस्टींपैकी आहेत. सात डिसेंबरला त्यांच्या घरी लग्न आहे. हंसाबेन इथून त्या लग्नालाच निघाल्यात, तुमच्याकडे आमंत्रण द्यायला येतील तेव्हा ही साडी देतील. ट्रस्टींच्या घरचं बोलावणं मास्तराला मोडता येणार नाही. त्या दिवशी बायकांच्या खोलीत गेलीस की परत बाहेर यायचं नाही. दाजींनी निरोप पाठवला, लहान मूल पाठवलं, पाटी पाठवली तरी उठायचं नाही. हंसाबेननं फोनवर भावाला सगळं सांगितलंय. ते म्हणाले, नवरा-बायकोच्या मधे मी पडणार नाही, पण पोरगी माझ्या घरात उभी राहून स्वतःच्या तोंडानं "मला माहेरी जायचंय" म्हणाली, तर तिला कुणाच्या बापाला हात लावू देणार नाही. पासपोर्टचं ते बघतील. तुला फक्त बोलायचं आहे, अक्का. मोठ्यानं, चारचौघींत. वर्षभर गप्प राहून आवाज बसला असेल तर न्हाणीघरात पाणी सोडून म्हणून बघ. आणि तोवर त्या होडीत पाय ठेवायचा नाही. तुझ्या दोन नोव्हेंबरच्या पत्रात होतं ना, "हे आता मला सायंकाळी सरोवरात होडीतून फिरावयास नेणार आहेत, मला भीती वाटत नाही"? ताप आला म्हण, पाळी आली म्हण, पायरीवरून पडून पाय मोडून घे हवा तर. पण पाण्यावर जायचं नाही.

हे पत्र आजच का, ते ऐक. यंदाच्या मेळाव्याची परिचय पुस्तिका सोमवारी घरी आली, कारण नानांनी माझाही फॉर्म भरला होता. माझा फोटो भुतासारखा आलाय, तो सोड. टिंगल करायला म्हणून मी मुलांची पानं उलटली, आणि एकतीस नंबरला दाजी. खाली लिहिलंय, "विधुर. अपत्य नाही. परदेशी शिक्षक. मितभाषी." फोटो तुमच्या लग्नातला, तुला कापून काढलेलं. त्यांच्या बाहीवर तुझी चार बोटं आणि हिरव्या बांगड्या तेवढ्या राहिल्यात. तुझं ते दोन तारखेचं पत्र शनिवारीच आलेलं, त्या वेळी ते देव्हाऱ्यासमोर पडलं होतं. नाना म्हणाले, छापखान्याची चूक, दुसऱ्याचा मजकूर याच्या फोटोखाली गेला. मी त्यांना मला सायकलवर बसवून मंडळाच्या चिटणीसांच्या घरी न्यायला लावलं. चिटणीसांनी फाइलमधून मूळ फॉर्म काढून दिला. अक्षर दाजींचंच, एक खाडाखोड नाही. खाली सही, बारा सप्टेंबर. एका रकान्यात विचारलेलं, विधुर असल्यास पत्नीच्या निधनाचे कारण. समोर लिहिलंय, "सरोवरात होडी उलटून". त्याखाली निधनाची तारीख. ती जागा कोरी आहे. चिटणीसांनी तिथं पेन्सिलीनं गोल करून "तारीख मागवणे" असं लिहून ठेवलंय. तिथूनच आम्ही हंसाबेनकडे गेलो. अक्का, ती तारीख अजून पडलेली नाही.

तुझीच,
टवळी पल्ली